जुन्या मशीनवरचं नवं वर्ष

अमेरिकेतल्या कॉलेजची फी ऐकली की आपल्याकडच्या पाहुण्यांचे डोळे पांढरे होतात. ती भरायला सरकार कर्ज देतं, आणि गरिबाच्या पोराला तर परत न करण्याच्या बोलीवर पैसे देतं, हे त्यांना वेगळं सांगावं लागतं. मदत मागायचा फॉर्म सगळ्या देशाला एकच. त्याचं लांबलचक नाव कुणी घेत नाही, सगळे ‘फाफ्सा’ म्हणतात. आपल्याकडे ईबीसीसाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला जोडायचो, इथे तेव्हा आयकराच्या विवरणपत्रातले आकडे भरायचे. प्रश्न शंभरावर असत. रात्रपाळी करून आलेली आई ते भरताना कुठे कुठे चुकू शकते, याची यादी माझ्याकडे तयार असायची. माझ्या स्वतःच्या चुकांची यादी मात्र कुणी मागितली नाही, म्हणून ती आता देते.

ओहायो राज्यातल्या, वेल्डिंगपासून दंतवैद्याच्या मदतनीसापर्यंतचे कोर्स चालवणाऱ्या एका छोट्या कॉलेजात मी या मदतीच्या ऑफिसात कामाला होते. ऑफिस म्हणजे डायरेक्टरबाई, मी, आणि तासांवर काम करणारी एखादी विद्यार्थिनी. बड्या विद्यापीठांकडे या कामासाठी महागडी सॉफ्टवेअरं असतात. आमच्यासारख्यांसाठी शिक्षण खात्याने ईडीएक्स्प्रेस नावाचं सॉफ्टवेअर फुकट ठेवलं होतं. मुलाने फाफ्सा भरला की केंद्रीय यंत्रणा हिशेब करायची, या घराला शिक्षणाचा किती खर्च झेपेल. त्या आकड्याला तेव्हा ईएफसी म्हणत. तो शून्य आला आणि मूल पूर्णवेळ शिकत असलं की पेल ग्रँट पुरी मिळे. ऱ्होड आयलंडचे सिनेटर क्लेबॉर्न पेल यांच्या नावाची ही मदत २००८-०९ साली जास्तीत जास्त ४,७३१ डॉलर होती. मुलाची नोंद फाइलीतून आमच्याकडे येई. ती ईडीकनेक्ट नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरने उतरवून घ्यायची, ईडीएक्स्प्रेसमध्ये ओढायची, तपासायची, किती पैसे कधी द्यायचे ते टाकायचं आणि उलट पाठवायचं.

सॉफ्टवेअर फुकट होतं तशी मशीनंही फुकटच होती. एका कंपनीने काढून टाकलेली, पिवळी पडलेली, पंख्याचा घरघराट करणारी. मी पुण्यात कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला असल्यामुळे ती माझ्या गळ्यात पडली, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं. परदेशात आल्यावर आपल्याला काहीतरी येतं असं दाखवायची संधी कोण सोडेल?

पहिला घोळ हार्ड डिस्क भरल्यामुळे झाला. विंडोज ९८चं मशीन, जागा संपत आलेली, आणि नवं ईडीएक्स्प्रेस टाकायचं होतं. डेस्कटॉपवर पाहिलं तर त्याचीच चार चिन्हं ओळीने, फक्त पुढचं साल वेगळं. मला वाटलं, जुन्या आवृत्त्या काढायला कुणाला सुचलं नाही. वर्ड २००० टाकल्यावर वर्ड ९७ कशाला ठेवायचं? मी सगळ्यात जुनी दोन काढून टाकली, डिस्क स्वच्छ केली, आणि डायरेक्टरबाईंना अभिमानाने सांगितलं की आता भरपूर जागा झाली आहे.

बाई काही बोलल्या नाहीत, उठून मशीनपाशी आल्या. ‘ती वर्षं कुठे आहेत?’ एवढंच विचारलं.

मदतीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. दर वर्षाचे नियम वेगळे, हिशेबाचे तक्ते वेगळे, म्हणून दर वर्षाचं ईडीएक्स्प्रेसही वेगळं. ती एकाच प्रोग्रॅमची आवृत्ती नसे, त्या वर्षाची अख्खी वहीच असे. त्यात पुढच्या वर्षाचे फाफ्सा तेव्हा १ जानेवारीपासून यायला लागत, म्हणजे वसंतात दोन वर्षं शेजारी शेजारी चालू. संपलेल्या वर्षाच्या पेलच्या नोंदी ३० सप्टेंबरपर्यंत पाठवता येत. आणि एवढं होऊनही कागदपत्रं वर्ष संपल्यापासून तीन वर्षं जपायची, हा कायदा. तपासणीस आला की त्याला हवं ते वर्ष उघडून दाखवायचं. मी काढलेल्या दोनांपैकी एक वर्ष अजून या मुदतीत होतं.

बॅकअप होता, पण झिप डिस्कवर. ती जाडजूड, शंभर मेगाबाइटची चकती आता पोरांना दाखवली तर ती खेळणं समजतील. ती वाचणारं यंत्र प्रिंटरच्या पोर्टला लागायचं, आणि ज्या मशीनला ते लावलेलं होतं त्याचाच पोर्ट खराब झाला होता. दुसऱ्या मशीनला लावलं तर ड्रायव्हर नाही. ड्रायव्हर सापडला तर तो फ्लॉपीवर, आणि फ्लॉपी मध्येच अडकून कुरकुरायला लागली. शेवटी डेटा मिळाला, पण तो थँक्सगिव्हिंगच्या आधीचा होता. त्यानंतरच्या दुरुस्त्या बाईंनी छापून ठेवलेल्या कागदांवरून हाताने भरल्या. प्रत्येक नोंद छापून फोल्डरमध्ये लावायच्या त्यांच्या सवयीवर मी पूर्वी घरी जेवताना नवऱ्यापाशी हसले होते. त्या संध्याकाळी त्याने त्याची आठवण करून दिली नाही, हे त्याचे उपकार.

मधल्या किरकोळ चुका भराभर सांगते. एका मशीनच्या मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी मेली होती, त्यामुळे रोज सकाळी ते कित्येक वर्षं मागे जायचं. मी रोज तारीख दुरुस्त करायची आणि नवी बॅटरी आणायचं उद्यावर टाकायची. एका सकाळी तारीख बघायची राहिली आणि पेलच्या नोंदींवर भलत्याच सालचे दिवस पडले. पाठवायच्या आधी छापून पाहिलं म्हणून वाचले. बॅटरी दोन-तीन डॉलरची होती. दुसऱ्यांदा, डेटाबेस सामायिक फोल्डरमध्ये ठेवला तेव्हा एका मशीनवर त्याला एफ आणि दुसऱ्यावर जी असं ड्राइव्हचं अक्षर दिलं, आणि कोणत्या मशीनवर कोणतं हे कुठेही लिहून ठेवलं नाही. तिसऱ्यांदा, बाई आत काम करत असताना बाहेरून त्याच डेटाबेसची कॉपी काढली. फाइलचं नाव आलं, आकार आला, मी निर्धास्त झाले. ती उघडायची वेळ आली तेव्हा ती उघडली नाही.

ईडीकनेक्टचं प्रकरण जरा लांबलं. शिक्षण खात्याच्या बाजूला प्रत्येक कॉलेजची एक डाकपेटी असते. तिचा क्रमांक टीजी या अक्षरांनी सुरू होतो. नवं मशीन आलं तेव्हा मी त्यावर ईडीकनेक्ट टाकलं, चालतं का पाहिलं, चाललं. जुन्या मशीनवरचं काढलं नाही, कारण असू द्यावं, अडीअडचणीला उपयोगी पडेल. पुढे काही आठवडे नवीन मशीनवर फाइली कमी कमी येऊ लागल्या. मुलं काउंटरवर येऊन सांगत, आम्ही फॉर्म दुरुस्त केला आहे. मी स्क्रीनकडे बघून सांगे, नाही आला. एका वेल्डिंगच्या पोराने तीनदा तेच ऐकल्यावर मला म्हटलं, ‘मॅडम, तुम्ही नक्की बघताय ना?’ मला राग आला. मी बघतच होते.

डाकपेटीतली फाइल जो आधी मागेल त्याला दिली जाते आणि ‘नवीन’च्या यादीतून उतरते. मागच्या खोलीतल्या जुन्या मशीनवर बाई त्यांच्या सवयीने सकाळी कॉफी घेताना ईडीकनेक्ट चालवून जात. फाइली तिथे सी ड्राइव्हच्या आयएएम नावाच्या फोल्डरात, त्याच्या आतल्या डेटाच्या कप्प्यात, शिस्तीत येऊन पडत. त्यांना वाटे मी त्या उचलते. मला वाटे त्या आलेल्याच नाहीत. दोघींचं ऑफिस एकच, मध्ये एक प्लायवूडची भिंत. मी मशीन बदललं तेव्हा बाईंना ‘झालं’ एवढंच सांगितलं होतं. कोणतं मशीन वापरायचं हे सांगायचं राहिलं, कारण मला ते सांगायसारखं वाटलंच नव्हतं. फाइली सापडल्यावर त्या क्रमाने ओढून घेतल्या. त्या वेल्डिंगवाल्या पोराची दुरुस्ती त्यात होती, वडिलांच्या उत्पन्नाचा एक आकडा शून्य जास्त पडलेला. त्याला फोन केला. तो ‘ओके’ म्हणाला आणि त्याने ठेवून दिला. त्याला आणखी काय म्हणायचं होतं!

आता विंडोज व्हिस्टाचं. हे सांगायला मी इतका वेळ लावला, कारण बाकीच्या चुका सांगताना हसू येतं, या चुकीला येत नाही.

२००८च्या शरदात आमच्याकडे एक त्यातल्या त्यात बरं मशीन आलं. मूळचं एक्स्पीचं, कुणीतरी त्यावर व्हिस्टा चढवलेलं, मेमरी पाचशे बारा मेगाबाइट. सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचं की मी बटण दाबून चहा करायला जात असे. त्यावर ईडीएक्स्प्रेस टाकायला ॲडमिनिस्ट्रेटरचे हक्क लागत, ते मी वापरले. प्रोग्रॅम आणि डेटाबेस दोन्ही ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये टाकले. नीटनेटकं दिसावं म्हणून. बाईंच्या खात्यात तो उघडेना तेव्हा त्यांच्या चिन्हावर ‘ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा’ अशी खूण केली. उघडला. आमच्याकडे तेव्हा वर्क-स्टडीवर एक मुलगी होती. वर्क-स्टडी म्हणजे मदतीचाच एक प्रकार: मुलाने कॉलेजात तासांवर काम करायचं आणि त्याच्या पगाराचा मोठा भाग सरकारने द्यायचा. ती दंतवैद्याच्या मदतनीसाचा कोर्स करत होती, स्वतः पेलवर होती, घरी एक लहान मूल होतं. तिच्यासाठी मी साधं, मर्यादित हक्कांचं खातं काढलं. सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. तिच्याकडेही ईडीएक्स्प्रेस उघडला, नोंदी दिसल्या. झालं, म्हटलं.

दुपारी बाई नसताना ती त्याच मशीनवर बसायची आणि हप्त्यांच्या नोंदी भरायची. व्यवस्थित पोर. भरलेल्या नावापुढे कागदावर निळ्या शाईने बरोबरची खूण करायची. दुसऱ्या आठवड्यात बाईंनी नोंदी पाठवायला घेतल्या तर तिने भरलेलं एकही नाव पुढे सरकलेलं नव्हतं. हप्त्याचे रकाने रिकामे. कागदावर निळ्या खुणा मात्र ओळीने.

बाईंनी मला बोलावलं. मी मशीन तपासलं. डेटाबेस ठीक, जागा ठीक, एररही कुठे नाही. मग मी जे केलं ते असं: मुलीला बोलावलं आणि विचारलं, ‘भरल्यावर सेव्ह करतेस ना?’ ती म्हणाली, करते. मी विचारलं, नक्की? ती म्हणाली, मला उद्या तेच परत दिसतं, म्हणजे झालेलंच असणार. हे वाक्य कानांवर पडूनही मी ऐकलं नाही. तिला दुसऱ्या दिवशी ते दिसत होतं, याच्यात सगळं उत्तर होतं. मी बाईंना बाजूला घेऊन म्हटलं, मला वाटतं ती आधी खुणा करते आणि नंतर भरते, किंवा भरतच नाही. घरी लहान मूल आहे, थकत असेल. अशी गोड करून मी तिच्यावर खोटेपणाची शंका घेतली. तिचे तास कमी झाले. ते बाईंनी केलं, पण शब्द माझा होता.

कारण सापडलं ते वेगळंच काहीतरी शोधताना. त्या फोल्डरच्या खिडकीत, वरच्या पट्टीवर, ‘कंपॅटिबिलिटी फाइल्स’ असं एक बटण मी पूर्वीही पाहिलं होतं. व्हिस्टात अशी बटणं बरीच, कोण कशाला दाबतं. त्या दिवशी मुलीच्या खात्यात होते, सहज दाबलं. दुसरंच फोल्डर उघडलं: तिच्या स्वतःच्या कप्प्यात, ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या जागी. आत आमचा डेटाबेस. नाव तेच, तारीख कालची, आकार बाईंच्या डेटाबेसपेक्षा किंचित मोठा.

व्हिस्टाला जुने प्रोग्रॅम चालवायचे होते आणि ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये कुणालाही लिहूही द्यायचं नव्हतं. म्हणून साध्या हक्कांवर चालणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमने तिथे लिहायचा प्रयत्न केला, की व्हिस्टा त्याला ‘नाही’ म्हणत नसे. फाइलची एक प्रत त्या माणसाच्या खात्यात गुपचूप काढून प्रोग्रॅमला तिकडे लिहू देई. प्रोग्रॅमला पत्ता नाही, वापरणाऱ्याला पत्ता नाही. बाई ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून खऱ्या फाइलीत लिहीत होत्या आणि मुलगी तिच्या प्रतीत. पहिल्या दिवशी दोन्ही सारख्याच होत्या, म्हणून तिला सगळ्या नोंदी दिसल्या आणि मी ‘झालं’ म्हटलं. तिथून पुढे दोन वह्या दोन दिशांना गेल्या. तिच्या वहीत एकूण एक हप्ता भरलेला होता, निळ्या खुणांशी तंतोतंत जुळणारा. जादूबिदू काही नाही, मायक्रोसॉफ्टने ते सगळं लिहून ठेवलेलं होतं. मी वाचलं नव्हतं.

डेटाबेस ‘प्रोग्रॅम फाइल्स’च्या बाहेर, साध्या फोल्डरात ठेवून दोघींना त्यावर लिहायचे हक्क दिले असते तर हे घडतंच ना. तसं करायला फारसा वेळ लागत नाही, नंतर मी ते केलंही. दोन वह्या एकमेकींत मिसळण्यापेक्षा तिची यादी छापून पुन्हा भरणं सोपं होतं. भरायला मी बसले. तेवढ्या दिवसांत काही मुलांचे पैसे उशिरा आले. पुस्तकांच्या दुकानात उधारी वाढली, आणि एका बाईने गाडीचा हप्ता चुकला म्हणून काउंटरवर मला ऐकवलं. मी ऐकून घेतलं.

बाईंना मी सगळं सांगितलं, फोल्डर उघडून दाखवलं. त्यांनी त्याच दिवशी मुलीचे तास पूर्ववत केले. मुलीला मी काय सांगितलं? ‘कॉम्प्युटरचा प्रॉब्लेम होता, आता सुटला.’ वाक्य खरं होतं. तुझ्यावर शंका घेणारी मी होते, हे त्यात नव्हतं. ती हसून ‘नो प्रॉब्लेम’ म्हणाली आणि कामाला लागली. त्या सत्रानंतर तिने दवाखान्यात उमेदवारी धरली आणि आमच्याकडे यायची थांबली. पदवीदानाच्या दिवशी दिसली होती, मूल कडेवर. मी गर्दीतून तिच्याकडे गेले, अभिनंदन केलं, मुलाचं नाव विचारलं. तेवढंच.

शेवटची चूक याच मशीनांच्या निरोपाची. ईडीएक्स्प्रेसमध्ये मुलाची ओळख म्हणजे त्याचा सोशल सिक्युरिटी क्रमांक आणि पुढे आडनावाची पहिली दोन अक्षरं. तो क्रमांक चोराच्या हाती लागला की त्या मुलाच्या नावावर कर्ज काढता येतं. आमच्या डेटाबेसमध्ये असे क्रमांक आईबापांच्या उत्पन्नासकट ओळीने. ग्राहकांची आर्थिक माहिती जपण्याचा जो नियम इथे २००३ पासून लागू आहे, तो कॉलेजांनाही लागतो. हे मला प्रशिक्षणात सांगितलं होतं, त्यावर मी सहीसुद्धा केली होती. जुनं मशीन जवळच्या एका चर्चला द्यायचं ठरलं तेव्हा मी डिस्क फॉरमॅट केली, तीही ‘क्विक’ या पर्यायाने, कारण मला घरी जायचं होतं. मग वर नवं विंडोज टाकलं. क्विक फॉरमॅट फक्त अनुक्रमणिका पुसतो. पानं जागच्या जागी असतात, आणि ती परत वाचणारी सॉफ्टवेअरं बाजारात मिळतात. हे मला डिप्लोम्यात शिकवलं होतं. आठवलं ते शनिवारी सकाळी, घरी पोहे परतताना.

डायरेक्टरबाईंना फोन केला, त्या सरळ गाडी घेऊन आल्या. चर्चच्या तळघरात एक सत्तरीच्या आजी त्या मशीनवर पत्त्यांचा सॉलिटेअर खेळत बसल्या होत्या. मी त्यांना समजावलं की डिस्क काढून न्यावी लागेल, त्या बदल्यात दुसरी देईन. डिस्क, क्रमांक, कायदा यातलं त्यांना काही नको होतं. त्यांनी विचारलं, ‘नव्या डिस्कवर हा खेळ असेल?’ मी म्हटलं, विंडोजबरोबर तो येतोच. ‘कधी?’ ‘आज दुपारपर्यंत.’ बाईंनी दारातूनच मला सांगितलं, डिस्कचे पैसे तुझे. मी स्क्रू ड्रायव्हर काढला. आजी खुर्चीवरून उठल्या नाहीत, चालू असलेला डाव त्यांना आधी पुरा करायचा होता.